दुधीचा रस

आळेफाट्यावर, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, चेतनाचं मेडिकल आणि तिच्या सासऱ्यांचं किराणा दुकान एकाच गाळ्यात होतं. मध्ये प्लायवूडची भिंत होती, पण ती छतापर्यंत पोचत नव्हती. गाळ्याचे दोन भाग करताना सुताराने वर दीड हात जागा हवेसाठी सोडली होती. तिथून हवा किती यायची देव जाणे. सासऱ्यांचा आवाज मात्र सकाळी साडेआठपासून दिवे लागेपर्यंत यायचा.

“खोकला? मग त्याला बाटली कशाला? सुंठ घ्या, गूळ घ्या, चिमूटभर हळद. गोळी करून दाढेखाली धरा. तीन दिवसांत नाही थांबला तर मला येऊन बोला.”

धरमचंद गुगळे हे त्यांचं नाव, पण गल्लीत सगळे त्यांना शेठच म्हणत. वय एकाहत्तर, अंगात पांढरा सदरा, कान भलते तिखट. पंचेचाळीस वर्षं ओवा, बडीशेप, मेथ्या, लवंगा विकून प्रत्येक डब्यातल्या जिनसाचे गुण त्यांना पाठ झाले होते आणि कोणी विचारो न विचारो, ते सांगत. घर जैन, त्यामुळे कांदा-लसूण शिजत नव्हता, ओलं आलं नव्हतं, मध नव्हता. पण गिऱ्हाइकाला ते बिनदिक्कत म्हणत, “तुम्हाला चालतो ना? मग लसणाच्या दोन पाकळ्या तुपात परता.”

दुकानांची मांडणीच चेतनाच्या मुळावर आली होती. स्टँडकडून येणाऱ्याला आधी किराणा लागायचा, मग मेडिकल. डॉक्टरची चिठ्ठी हातात धरून येणारा माणूस शेठच्या गल्ल्यासमोरून जायचा, शेठ विचारायचे, “काय होतंय?”, आणि चिठ्ठी परत खिशात जायची.

गॅरेजवाले दादाभाऊ असेच एक दिवस तिच्या काउंटरला येऊन अवघडल्यासारखे उभे राहिले. “ताई, गोळ्या न्यायलाच आल्तो. पर शेठ म्हनत्यात अडुळशाचा पाला उकळून पी.”

“किती दिवस झाले खोकल्याला?”

“व्हतील तीन आठवडं.”

“तीन आठवडे! दादाभाऊ, बेडका तपासायला द्या. पाला नंतर उकळा.”

“ऐकतोय मी,” भिंतीवरून आवाज आला. “तपासू दे की. पण तोवर अडुळसा घेतला तर काय बिघडलं?”

काय बिघडलं, हा त्यांचा हुकमी प्रश्न होता आणि चेतनाकडे त्याला उत्तर नसायचं, कारण बहुतेक वेळा काहीच बिघडत नसे. दादाभाऊंचा बेडका स्वच्छ निघाला आणि खोकला गेला. कशाने गेला, ते कोण सांगणार? दादाभाऊंनी मात्र गल्लीभर शेठचं नाव केलं. चेतनाची स्वतःची मुलगी रिंकू तान्ही असताना पोट फुगून रडायची, तेव्हा बेंबीभोवती हिंगाचा लेप शेठनीच लावायला लावला होता आणि पोर गप झोपली होती. ते चुकले असते तर चेतनाला सोपं गेलं असतं. ते दहातल्या आठ वेळा बरोबर असायचे आणि उरलेल्या दोन वेळांची तिला धास्ती वाटायची.

नवऱ्याकडे, हितेशकडे, तक्रार करून उपयोग नव्हता. तो वडलांबरोबर किराणा बघायचा. सकाळी मार्केटला जायचा, दुपारी माल लावायचा आणि दोघांच्या भांडणात कधी पडायचा नाही. “तू तुझं बरोबर आहेस, पप्पा त्यांचं बरोबर आहेत,” म्हणायचा. बारा वर्षांच्या संसारात हे वाक्य चेतनाने इतक्या वेळा ऐकलं होतं, की तो तोंड उघडण्याआधी तीच ते म्हणून टाकायची.

मागच्या वर्षी गावातल्या शिबिरात शेठना ब्लड प्रेशर निघालं. डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी सांगितली. चेतनाने दुकानातून पट्टी आणून दिली. महिनाभराने दुसरी देताना पाहिलं तर पहिलीतल्या चौदा गोळ्या तशाच.

“पप्पा, हे काय?”

“एक दिवसाआड घेतो. रोज रोज रसायन पोटात घालायचं म्हणजे...”

“डॉक्टरांनी रोज सांगितली आहे.”

“डॉक्टरला काय, तो सांगणारच. मी दुधीचा रस सुरू केलाय. कपिलने मोबाईलवर पाठवलंय सगळं, त्यात हृदयाचे मोठे मोठे डॉक्टर बोलतात.”

कपिल हा येडगावच्या बाजीरावांचा मुलगा, पुण्याला नोकरीला. बाजीराव म्हणजे शेठचे तीस वर्षांचे मित्र. एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले, आता येडगावला धरणाच्या खालच्या अंगाला स्वतःचं दोन एकर बघायचे. आठवड्यातून एकदा ते स्कूटरवर आळेफाट्याला येत. “जय भीम, शेठ!” “जय जिनेंद्र, बाजीराव!” झालं की दोघं किराण्याच्या ओट्यावर चहा घेत आणि एकमेकांचं ब्लड प्रेशर विचारत, कारण ते बाजीरावांनाही होतं. रस पिण्याची टूम दोघांनी मिळूनच काढली. दुधी बाजीरावांच्या शेतातले. पिशवी भरून यायचे.

सासूबाईंना, सज्जनबाईंना, हे पसंत नव्हतं. “दुधीची भाजी करावी, हलवा करावा. कच्चा रस कोणी पितं का?” त्या म्हणायच्या. पण रस त्याच काढून द्यायच्या. दुधी चिरला की देठाकडची चकती जिभेला लावायची, गोड निघाला की मगच मिक्सरमध्ये. ही त्यांची लग्नाआधीपासूनची सवय. त्यांना तिचं काही कौतुक नव्हतं आणि ती दुसऱ्या कोणी कधी पाहिलीही नव्हती.

मार्चमधल्या एका मंगळवारी सासूबाई मंचरला बहिणीकडे गेल्या होत्या. हितेश मार्केटला गेला होता. शेठनी घरी स्वतःच दुधी किसला, मिक्सर फिरवला, रस स्टीलच्या पेल्यात गाळून वर झाकण ठेवलं आणि पेला घेऊन दुकानात आले. देवाला उदबत्ती लावायची, मग रस प्यायचा, असा त्यांचा क्रम होता.

त्याच वेळी चेतनाच्या काउंटरवर मंगल उभी होती. मंगल पिंपळवंडीची. तिच्या आईला इन्सुलिन चालू होतं आणि ती दर महिन्याला न्यायला यायची. आज ती म्हणाली, “ताई, या टायमाला एकच द्या. अर्धं अर्धं टोचू म्हनते आईला.”

“अर्धं? कोणी सांगितलं?”

मंगलने भिंतीकडे पाहिलं. “शेठ म्हनले मेथ्याचं पानी चालू कर, साखर आपसूक उतरंल.”

चेतनाच्या कानशिलात रक्त चढलं. “मंगल, मेथ्या दे, कारलं दे, काय द्यायचं ते दे. इन्सुलिन डॉक्टरला विचारल्याशिवाय एक थेंब कमी करायचं नाही. कळलं? आईला हॉस्पिटलात न्यायची वेळ येईल.”

“मी इन्सुलिन कमी कर असं म्हणालो नव्हतो,” भिंतीवरून आवाज आला.

“पण लोक तसंच समजतात, पप्पा!”

मंगल घाबरून दोन बाटल्या घेऊन गेली. चेतनाने तापलेल्या डोक्याने फ्रिजचं दार आपटलं. मालाची ऑर्डर द्यायला फोन लावला तर तिकडून गाणं वाजत राहिलं. तेवढ्यात परत भिंतीवरून:

“चेतना, आज रस जरा कडू लागतोय गं.”

“मग जास्त औषधी असेल!” ती फोन कानाला तसाच धरून ओरडली. “कडू ते औषध, तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? प्या!”

पलीकडे शेठचा फोन वाजला आणि ते कोणाशी तरी बोलू लागले. इकडे चेतनाचा फोनही लागला. ती औषधांची नावं सांगत बसली आणि पलीकडचं बोलणं तिने ऐकलं नाही.

पाऊण तास गेला असेल. किराण्यात काहीतरी मोठ्याने पडलं. चेतनाला वाटलं तेलाचा डबा. मग एक बाई किंचाळली, “अवो ताई, शेठ बगा!”

ती धावत गेली. शेठ गल्ल्यामागे खाली बसले होते, पोट दोन्ही हातांनी आवळून. पुढे उलटी झालेली होती, हिरवट. तिच्या डोळ्यांसमोर दुसरी उलटी झाली, तिच्यात रक्त होतं.

“पप्पा! काय खाल्लंत?”

“काही नाही... रस फक्त.”

गल्ल्यावर पेला होता, तळाशी दोन घोट उरलेले. चेतनाने बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकलं. कडूपणा असा होता की जीभ आतल्या आत ओढली गेली. आणि त्याच क्षणी तिला कॉलेजातलं आठवलं. वनस्पतींच्या तासाला सरांनी सांगितलं होतं: काकडी, दुधी, दोडका, यांच्या कडूपणात विष असतं. परीक्षेला आलं होतं. तिने उत्तर लिहिलं होतं आणि तिला पैकीच्या पैकी मार्क पडले होते.

दादाभाऊंनी गॅरेजमधली पिकअप काढली. शेठना उचलून पुढच्या सीटवर बसवलं. चेतनाने पेला झाकण लावून बरोबर घेतला. दवाखाना चौकातच होता, पण मध्ये ट्रक आडवा लागलेला. दादाभाऊ हॉर्नवर हात ठेवूनच होते. शेठचं अंग घामाने थंड पडलं होतं. चेतनाने त्यांचं मनगट धरलं होतं आणि नाडी तिला सापडत नव्हती.

“बाजीराव,” शेठ पुटपुटले.

“काय?”

“बाजीरावला फोन कर. त्याच वेलाचे दुधी. तोही प्यायलाय.”

दवाखान्यात ब्लड प्रेशर मोजलं तर वरचा आकडा सत्तर. दोन्ही हातांना सलाईन लागलं. डॉक्टर तरुण होते, त्यांनी पेल्याचं झाकण उघडून वास घेतला. “कडू होता?”

“विषासारखा.”

“विषच आहे. याला उतारा नाही. सलाईन देऊ, पोटाची औषधं देऊ आणि बघू. आणखी कोणी प्यायलंय का?”

चेतना बाहेर येऊन बाजीरावांचा नंबर फिरवू लागली. रिंग जायची, बंद व्हायची. चौथ्यांदाही कोणी उचलला नाही, तेव्हा तिने हितेशला फोन लावला. मार्केटच्या गोंगाटात त्याला दोनदा सांगावं लागलं. हितेशकडे बाजीरावांच्या मुलीचा, कल्याणीचा नंबर होता. कल्याणी येडगावातल्याच शाळेत शिक्षिका होती. पाच मिनिटांनी तिचा चेतनाला फोन आला, धापा टाकत.

“बाबा रस पिऊन मोटर चालू करायला गेलेत नदीवर. फोन घरीच विसरलेत. मी निघालेय स्कूटीवर. काय करायचं असतं, सांगा.”

“पाणी-बिणी काही पाजू नकोस. घरचं काहीच देऊ नकोस. सरळ दवाखान्यात ने, आणि सांग कडू दुधीचा रस आहे. विसरू नकोस, कडू दुधी.”

मग पाऊण तास काही कळलं नाही. चेतना दवाखान्याच्या बाकावर बसून मोबाईलकडे बघत राहिली. हितेश आला, वडलांना काचेतून पाहून बाकावर बसला आणि पहिल्यांदाच त्याने कोण बरोबर ते सांगितलं नाही.

मग कल्याणीचा फोन आला. बाबा मोटरच्या खोलीला टेकून बसलेले सापडले. उलट्या, जुलाब, उभं राहता येत नव्हतं. शेजारच्या शेतातल्या दोघांनी उचलून त्यांच्या गाडीत घातलं. नारायणगावला ॲडमिट केलंय, सलाईन चालू आहे, डॉक्टर म्हणतात वाचतील.

“बरं झालं गं,” चेतना म्हणाली. “बरं झालं तू वेळेत गेलीस.”

“चेतनाताई, एक विचारायचं होतं. आई सांगते, बाबांना घोटभर घेतल्यावरच कडू लागला होता. ते टाकून देणार होते. पण त्यांनी तुमच्या सासऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, आत्ताच आमच्या सुनेला विचारलं, ती मेडिकलवाली आहे, ती म्हणते कडू म्हणजे जास्त औषधी, पी. तुम्ही खरंच असं म्हणालात?”

समोर भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचं चित्र होतं, त्याकडे ती बघत राहिली.

“म्हणाले,” ती म्हणाली. “चिडून म्हणाले. पण म्हणाले.”

फोन बंद झाला. बारा वर्षं ती भिंतीपलीकडे ओरडत होती की माझं ऐका. जे एक वाक्य ती मनापासून बोलली नव्हती, तेवढंच नेमकं येडगावपर्यंत पोचलं होतं.

दोन दिवस शेठ अतिदक्षता विभागात, काचेच्या आत होते. तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं तर पोटात जागोजागी जखमा. तिसऱ्या दिवशी साध्या खोलीत आणलं. सासूबाई मंचरहून आल्यापासून त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. नुसत्या पायाशी बसायच्या आणि मधून मधून स्वतःशीच म्हणायच्या, “चकती चाखायची. एवढीशी चकती.” मग डोळे पुसायच्या.

त्या चहा प्यायला बाहेर गेल्या तेव्हा चेतना खुर्ची ओढून जवळ बसली.

“पप्पा, मी त्या दिवशी जे बोलले ते रागाने बोलले होते.”

“कळलं होतं मला.”

“कळलं होतं?” तिचा आवाज चढला. शेजारच्या कॉटवरचा माणूस वळून बघू लागला. “मग प्यायलात कशाला?”

“एवढा दुधी किसला होता स्वतः. टाकून द्यायचा का?”

चेतनाने दोन्ही हात कपाळावर दाबून धरले. रडावं की उठून निघून जावं, तिला कळेना. “आणि बाजीरावांना? त्यांना माझं नाव का सांगितलंत? मी चिडलेय हे कळलं होतं, तरी सांगितलंत?”

शेठनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. 

“तो म्हणाला, शेठ, कडू हाय, टाकतो. मी एकटा कडू पिणार आणि तो टाकून देणार, हे मला बरं वाटलं नाही. आणि नुसतं मी सांगितलं असतं तर त्याने ऐकलं नसतं. तो मला हसतो. तुझं नाव घेतलं की ऐकतो. सगळेच ऐकतात.” त्यांनी मान भिंतीकडे वळवली. “चूक माझी आहे. तू कोणाला काही सांगू नकोस.”

“कल्याणीला सांगून झालंय.”

“कशाला सांगितलंस?”

“तिने विचारलं म्हणून!”

पाचव्या दिवशी शेठ घरी आले. पुढच्या सोमवारी दुकानात बसू लागले. बाजीरावही घरी आले होते, पण त्यांना बरं व्हायला जास्त दिवस लागत होते. त्यांनी ग्लास तळापर्यंत संपवला होता.

दुकानात एक नवीच पंचाईत सुरू झाली. शेठ बोलेनात. गिऱ्हाईक ओवा मागायचं, ते ओवा तोलून द्यायचे. कोणी म्हणालं, “शेठ, पोटात मुरडा येतोय, ओवा किती घेऊ?” तर ते म्हणत, “मला नाही माहीत. पलीकडे विचारा.” लोक पलीकडे यायचे. उचकी लागली, पलीकडे. दाढ दुखते, लवंग धरू का, पलीकडे. एका बाईने मनुका कोमट पाण्यात भिजवायच्या की गार, एवढं विचारायला पाऊण तास रांगेत उभं राहून चेतनाचा जीव खाल्ला. भिंतीवरून आवाज यायचा बंद झाला होता. ज्या शांततेसाठी तिने बारा वर्षं नवस बोलायचा बाकी ठेवला होता, ती मिळाल्यावर दोन दिवसांत तिला नको झाली. उलट ती स्वतःच दर तासाला उठून पलीकडे डोकावून यायची, ते नीट बसलेत ना बघायला.

“येडगावला जायचंय मला,” शुक्रवारी शेठ म्हणाले. “हितेशला सांगू नको. तू चल.”

“मी येणारच होते.”

दुपारी मेडिकल बंद करून तिने गाडी काढली. पिंपळवंडी मागे पडली, तशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टोमॅटोच्या तारा आणि कांद्याच्या ढिगांवरचे पांढरे कागद दिसू लागले. शेठ सगळा वेळ खिडकीतून बाहेर बघत होते. मांडीवर डाळिंबांची पिशवी.

बाजीराव पडवीत खाटेवर बसले होते. गालफडं बसली होती, पण गाडी दिसताच हात वर केला. “या शेठ! जय भीम! दोघं बी हाय म्हनायचं अजून.”

शेठ खाटेच्या कडेला बसले आणि त्यांनी मित्राचा हात धरला. आतून बाजीरावांची बायको, चिमाबाई, बाहेर आल्या. उंच, काळ्यासावळ्या, पदर खोचलेला. त्यांनी पाणी दिलं आणि तांब्या खाली ठेवल्याबरोबर सुरुवात केली.

“कुठला दुधी काढला ठावं हाय का तुमाला? बांधावरला. तो वेल आमी लावलेलाच न्हाई. आपसूक उगवला, पानी न्हाई, काय न्हाई. त्याचं फळ मी गुरापुढं बी टाकत न्हाई. ह्यांनी मला इचारलं? न्हाई. बाया काय भाजी करनाऱ्या! मोबाईल सांगतोय, शेठ सांगत्यात. ज्या बाईनं चाळीस वरसं दुधी चिरला तिला इचारायची लाज वाटती व्हय?”

“चिमा, पावणं आल्यात,” बाजीराव म्हणाले.

“पावण्यांना बी सांगतीया.”

चेतनाने पाण्याचा पेला खाली ठेवला. “मावशी, कडू म्हणजे औषधी, हे मी बोलले होते. पप्पांवर चिडले होते. मला खरं माहीत होतं. शिकलेय मी ते. त्या वेळी मी नीट ऐकलं असतं तर दोघंही प्यायले नसते.”

चिमाबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “रागात मानूस कायबी बोलतंय. मी बी बोलते. मी ह्यांना रोज मर म्हनते. त्यांनी ऐकायचं असतं का?”

बाजीराव हसायला लागले आणि पोट धरून थांबले. शेठनाही हसू फुटलं. पण दारात कल्याणी उभी होती, शाळेतून नुकतीच आलेली, खांद्यावर पर्स तशीच. ती हसली नाही.

“मला नाही हसू येत,” ती म्हणाली. “मी बाबांना तिथे मान टाकून बसलेलं पाहिलंय. मला वाटलं ते गेलेत.”

चेतना उठून तिच्याजवळ गेली. काय बोलावं हे तिने गाडीत ठरवलं होतं, ते आता फार गुळगुळीत वाटायला लागलं.

“तुझं बरोबर आहे,” ती एवढंच म्हणाली. “माफी मागायला आले होते. तू लगेच काही म्हणायला पाहिजे असं नाही.”

“नाही म्हणणार मी,” कल्याणी म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने तिने सगळ्यांना चहा आणून दिला. चेतनाचा कप तिने तिच्या हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला. पण साखर बरोबर होती. चेतना गोड कमी पिते हे तिच्या लक्षात होतं.

निघताना बाजीराव शेठना म्हणाले, “आता काय प्यायचं, शेठ?”

“गोळी,” शेठ म्हणाले. “रोज एक. पाण्याबरोबर.”

परतीच्या वाटेवर ऊन उतरलं होतं. नारायणगावच्या बाजूने टोमॅटोच्या गाड्या येत होत्या आणि चेतनाला सारखं ब्रेकवर पाय ठेवावा लागत होता. पिंपळवंडी गेल्यावर शेठनी घसा खाकरला.

“चेतना, बाजीरावच्या पोटातल्या जखमा अजून भरल्या नाहीत. त्याला जर ज्येष्ठमध...”

“पप्पा!”

“मी देतोय असं म्हणालो का? विचारतोय तुला. देऊ का?”

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबली. त्यांनी खरंच विचारलं होतं, आणि कडवट काहीतरी तिच्या जिभेवर आलं होतं. ते तिने गिळलं. “ज्येष्ठमधाने ब्लड प्रेशर वाढतं. त्यांना चालणार नाही. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, त्या पुरेत.”

“असं होय? वाढतं?” शेठ विचारात पडले. “हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तर ब्लड प्रेशरवाल्यांनाही...” ते बोटांवर नावं मोजू लागले. “पोस्टातले काका. आळे गावातल्या त्या वहिनी. आणखी दोघं-तिघं असतील.”

“आठवा,” चेतना दातांवर दात ठेवून म्हणाली. “नीट आठवा. घरी गेल्यावर एकेकाला फोन करायचा.”

“आधी जेवण. सूर्यास्ताला वीस मिनिटं आहेत, नंतर मी काही खाणार नाही. सज्जन वाढून बसली असेल.”

“मग बोलू नका, नावं आठवा,” ती म्हणाली, आणि समोरची टोमॅटोची गाडी ओलांडायला तिने हॉर्न दाबला.